तरीची वाट

वैतरणेच्या खाडीत विरारच्या बाजूला मारंबळपाडा आणि सफाळ्याच्या बाजूला जलसार ही दोन ठिकाणे समोरासमोर असून मधले पाणी दीड किलोमीटरांच्या आतबाहेर आहे. तरीही 2025 च्या फेब्रुवारीत तेथे वाहने नेणारी रो-रो बोट सुरू होईपर्यंत, चाकावर बसलेल्या माणसाला या तीरावरून त्या तीरावर जाण्यासाठी महामार्ग धरून साठेक किलोमीटरांचा वळसा घालावा लागत असे. गेल्या मार्गशीर्षात त्या बोटीवर गाडी चढवून मी एकटाच डहाणूच्या दिशेने निघालो. बरोबर कोणी घ्यावयाचे नाही हे आधीच ठरविले होते. कारण किनाऱ्याची जुनी वाट शोधावयाची तर प्रत्येक धक्क्यावर उतरावे लागते, तिवरांच्या चिखलात पाय घालावे लागतात, भेटेल त्या म्हाताऱ्या माणसाशी तासन्‌तास बोलावे लागते, आणि सोबत्याच्या चेहऱ्यावरची घाई दिसत असता हे मोकळेपणाने होत नाही.

पालघरच्या किनाऱ्यावर सलग अशी वाट नाही, ही या प्रवासातली पहिली ओळख. नकाशावर समुद्राची रेषा सरळ उत्तरेस जाताना दिसते. परंतु दातिवरे, दांडा, केळवे, सातपाटी, तारापूर, डहाणू असे करीत समुद्र ठिकठिकाणी भूमीत शिरलेला आहे, आणि समोर दिसणाऱ्या गावाला जाण्यासाठी कित्येक ठिकाणी समुद्राकडे पाठ करून रेल्वेच्या रुळापर्यंत मागे यावे लागते. पूर्वी मात्र ही वाट सलग होती, कारण ती वाळू आणि पाणी या दोहोंची मिळून झालेली होती: ओहोटीच्या कठीण वाळूवरून बैलगाडी किंवा पायी, खाडी आली की तर, आणि पलीकडे पुन्हा वाळू. तर हा शब्द आता ऐकू येईनासा झाला आहे. माणसे, गुरे, धान्याची पोती, प्रसंगी पालखी, सारे पैलतीरी नेणारी ती होडी. तिच्याविना या किनाऱ्याचा इतिहास सांगता येत नाही, असे मी या प्रवासानंतर निश्चयाने म्हणतो.

या तरीचा एक अत्यंत प्राचीन आणि माझ्या मते अत्यंत उदात्त असा उल्लेख याच भागात सापडलेला आहे. 1955 च्या सुमारास चिंचणी येथे काही ताम्रपट उजेडात आले आणि दिनेशचंद्र सरकार यांनी ते वाचून ‘एपिग्राफिया इंडिका’त प्रसिद्ध केले. त्यांपैकी राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या कारकीर्दीतील, शके 848 म्हणजे इसवी सन 926 मधील ताम्रपटात संयान मंडळाचा, म्हणजे आजच्या संजाणच्या परिसराचा, अधिपती म्हणून मधुमती नावाच्या ताजिक पुरुषाचे नाव येते. ताजिक म्हणजे अरब. मधुमती हे मुहंमद या नावाचे संस्कृत रूप होय. सुगतिप असेही त्याला म्हटले आहे. आसपासच्या बंदरांचे अधिपती जिंकून त्याने तेथे आपले अंमलदार नेमले, हे कोणत्याही सुभेदाराच्या प्रशस्तीत शोभणारेच वर्णन आहे. परंतु त्याच्या पुढेच असे सांगितले आहे की त्याने दोन प्रवाहांवर विनामूल्य तर चालविली आणि एक अन्नसत्र स्थापन केले, ज्यात साळीचा भात, कालवणे आणि तूप फुकट मिळे. एक मुसलमान अधिकारी, त्याचा राष्ट्रकूट धनी, भगवतीच्या मठिकेला दिलेली भूमी, आणि वाटसरूसाठी उताराचे दाम न घेणारी होडी, हे सारे एका ताम्रपटात नांदते. राजांच्या प्रशस्त्यांतील शत्रूंच्या मस्तकांची आणि हत्तींच्या गंडस्थळांची वर्णने मी पुष्कळ वाचली आहेत. त्या साऱ्यांपेक्षा तांब्यावर कोरलेली ही होडी मला मोठी वाटते.

तरीचे मोल पुढे पोर्तुगीजांनीही ओळखले, परंतु वेगळ्या रीतीने. 1534 च्या तहाने गुजरातच्या बहादुरशहाकडून वसई त्यांच्याकडे आल्यावर या किनाऱ्यावर त्यांनी कोटांची जी माळ उभी केली, तिच्यातील बहुतेक मणी खाडीच्या मुखाशी ओवलेले आहेत. दांड्याचा कोट दांड्याच्या खाडीवर, तारापूरचा तारापूरच्या खाडीवर, आणि केळव्याचा पाणकोट तर भरतीत चोहोंकडून पाण्याने वेढला जाणारा, नांगरून ठेवलेल्या जहाजाच्या आकाराचा. हे किल्ले हिंडणाऱ्याला सहसा कोणी सांगत नाही की तो बुरूज पाहताना जुना उतार पाहत आहे. ज्याच्या हाती खाडीचे तोंड त्याच्या हाती जकात, आणि शत्रूच्या फौजेला पलीकडे जाऊ द्यावयाचे की नाही याचा निर्णयही त्याच्याच हाती. म्हणूनच चिमाजी आप्पाच्या मोहिमेत वसईवर मोर्चे लागण्यापूर्वी हे कोट घ्यावे लागले. 1739 च्या जानेवारीत माहीम, केळवे आणि शिरगाव हाती आले. तारापूरवर मात्र घनघोर रण झाले आणि बाजी भिवराव रेठरेकर तेथे पडला. तारापूरच्या तटाशी उभा राहिलो तेव्हा संध्याकाळ होती, भरती चढत होती, आणि त्या तटाखालच्या वाडीत कोणीतरी नारळ सोलीत बसले होते.

शिरगावच्या कोटात मात्र इतिहास विसरून मी बराच वेळ एका झाडापाशी थांबलो. तो रावणताड, साध्या ताडाला एकच माथा असावयाचा, याला मात्र खोडापासून दोन, दोनांच्या चार अशा फांद्या फुटत गेलेल्या असून प्रत्येक फांदीवर पात्यांचा स्वतंत्र झुबका आहे.

माहीम हे या किनाऱ्यावरचे जुने ठाणे. राजवाड्यांनी 1924 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘महिकावतीच्या बखरी’मुळे या नावाभोवती जो अभिमान गुंफला गेला तो येथील वाडवळांच्या घरांतून आजही ऐकावयास मिळतो. इंग्रजी अमलात तालुक्याचे नावच माहीम असे होते. परंतु 1864 मध्ये मुंबईपर्यंत जोडला गेलेला बी. बी. सी. आय. रेल्वेचा मार्ग खाड्यांची मुखे टाळून आत पूर्वेकडून गेला, आणि किनाऱ्याचे भाग्य फिरले. माहीम-केळव्याच्या पानवाड्यांतील विड्याची पाने करंड्यांतून स्टेशनाकडे जाऊन उत्तर हिंदुस्थानात पोहोचू लागली, हा त्यातला लाभ. पण कचेरी, बाजार, पेढ्या हळूहळू रुळाकडे सरकल्या, आणि तालुक्याचे नाव व ठाणे दोन्हीही पालघरला गेली. ‘चले जाव’ चळवळीत, 14 ऑगस्ट 1942 रोजी, ऐन पावसाळ्यात, किनाऱ्यावरच्या गावांतून माणसे पालघरच्या कचेरीवर चालून गेली ती याच कारणाने; सरकार आता समुद्राकाठी राहिले नव्हते. त्या दिवशीच्या गोळीबारात पाच जण हुतात्मे झाले. त्यांचा स्तंभ पालघरात आहे.

सातपाटीच्या धक्क्यावर दुपारी पोहोचलो. पापलेटांनी भरलेल्या पाट्या उतरत होत्या, बायका वजनाप्रमाणे मासळी निवडून बर्फात रचीत होत्या, आणि समोर, हाकेच्या नव्हे पण नजरेच्या सहज टप्प्यात, मुरबे दिसत होते. एका वृद्ध तांडेलाने मला तरीची हकीकत सांगितली. भरतीला धक्क्यावरून धक्क्यावर जाता येई. ओहोटीला होडी मध्येच चिखलावर टेके आणि मग वहाणा हातात, धोतर गुडघ्यावर, डोक्यावर बोचके अशी माणसे काठाकडे चालू लागत. लहान मूल असले तर तांडेल त्याला खांद्यावर घेई, आणि त्याचे वेगळे पैसे घेत नसत. हे शेवटचे वाक्य त्याने अगदी सहज सांगितले; मला त्या क्षणी शके 848 आठवले. त्यानंतर मी गाडीत बसून पालघर, तेथून बोईसर, तेथून पुन्हा समुद्राकडे असा गेलो, आणि मुरब्याच्या किनाऱ्यावर उभे राहून सातपाटीचे तेच धक्के पाहिले तेव्हा बोंबलांच्या वलांड्यांवर ऊन कलले होते.

बोईसरच्या पुढे कारखान्यांची वसाहत आणि त्यापलीकडे 1969 मध्ये सुरू झालेले देशातले पहिले अणुवीज केंद्र आहे. त्याच्या पुढील टप्प्यांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे आपल्या जागेवरून उठली. आणखी उत्तरेस वाढवण येथे महाबंदराची पायाभरणी 2024 च्या ऑगस्टमध्ये झाली. त्यांच्या बऱ्यावाइटाचा विचार स्वतंत्र लेखाचा आहे. येथे एवढेच म्हणतो की हजार वर्षे या किनाऱ्यावर जो जो सत्ताधारी आला त्याने खाडीच्या मुखाशी काहीतरी बांधले. खाडी ओलांडणाऱ्या गरीब माणसाची सोय मात्र मोजक्यांनीच पाहिली. 1868 च्या मुंबई इलाख्याच्या कायद्याने तरी सार्वजनिक ठरल्या, त्यांचे मक्ते लिलावाने दिले जाऊ लागले, दर ठरले. ती व्यवस्था होती, आणि व्यवस्था म्हणून चांगली होती. परंतु वैतरणेच्या दोन प्रवाहांमधील वाढीव गावचे लोक वर्षानुवर्षे रेल्वेच्या पुलावरून, येणाऱ्या गाडीचा कानोसा घेत, चालत स्टेशन गाठीत आले, आणि त्यात काहींचे प्राण गेले, हेही याच किनाऱ्याच्या इतिहासात लिहावे लागेल.

दहाव्या शतकातील तरीची नोंद आपल्यापाशी आहे, कारण ती तांब्यावर कोरली गेली. विसाव्या शतकातील तरींची नोंद मात्र वेगाने नष्ट होत आहे. त्या हाकणारे तांडेल आता थोडे उरले आहेत. दातिवरे, दांडा, मुरबे, सातपाटी, चिंचणी या गावांतील ज्या घरी तरीच्या मक्त्याचा कागद, लिलावाची पावती किंवा दरांचा फलक अजून माळ्यावर पडून असेल, त्या घरच्या मंडळींनी तो रद्दीत घालू नये. त्याची प्रत गावच्या ग्रंथालयात ठेवावी, आणि घरात एखादा म्हातारा तांडेल असेल तर या पावसाळ्याआधी त्याच्यापाशी बसून कोणत्या उतारावर, कोणत्या भरतीला, किती दाम पडत असत ते लिहून घ्यावे.