अनामिक अतिथी

'फुकट' आणि 'मुक्त' हे दोन शब्द मराठी मनुष्य एकाच अर्थाने कधी वापरणार नाही. लग्नघरचे जेवण फुकट असते. पिंजऱ्यातून सुटलेला पक्षी मुक्त असतो. इंग्रजीत मात्र या दोन्ही अर्थांचा भार 'फ्री' या एकट्या शब्दावर पडला आहे, आणि त्यामुळे संगणकाच्या सॉफ्टवेअरविषयी जो घोटाळा माजला तो अद्यापि पुरता निस्तरलेला नाही. सांप्रत घरोघरची मुले हातातील फोनवर बोट टेकतात व क्षणार्धात एखादे सॉफ्टवेअर उतरवून घेतात. ते फुकट असते. परंतु त्याच्या पोटात काय आहे हे पाहण्याची, त्यात फेरफार करण्याची, अथवा त्याची प्रत शेजाऱ्यास देण्याची मोकळीक बहुधा नसते. उलट, ज्या काळी एक लहानसे सॉफ्टवेअर उतरविण्यासाठी रात्र जागावी लागे, त्या काळी पदरात पडलेली वस्तू पुष्कळदा खरोखरीच मुक्त असे. विद्येप्रमाणे सॉफ्टवेअरही दिल्याने सरत नाही. देणाराची प्रत देणाराजवळ राहतेच. मग अशा वस्तूच्या दानासाठी कायद्याचा कागद करण्याची पाळी का यावी? या प्रश्नाचे उत्तर त्या प्रारंभकाळाच्या इतिहासात आहे, आणि तो इतिहास आमच्या मते सुशिक्षित वाचकांनी अवश्य जाणण्यासारखा आहे.

आरंभी सॉफ्टवेअर ही विकण्याची स्वतंत्र वस्तूच नव्हती. यंत्र विकत घ्यावे, त्याबरोबर सॉफ्टवेअर यावे, असा रिवाज होता. १९५५ साली आय.बी.एम. कंपनीची यंत्रे वापरणाऱ्या संस्थांनी 'शेअर' नावाचे मंडळ स्थापिले, आणि आपण रचिलेल्या आज्ञावली ते एकमेकांस देऊ लागले. १९६९ साली मात्र त्या कंपनीने सॉफ्टवेअरची किंमत यंत्राहून निराळी लावण्याचे जाहीर केले. पुढे १९७६ च्या फेब्रुवारीत बिल गेट्स या तरुणाने हौशी संगणककारांस उद्देशून एक अनावृत पत्र लिहिले. आम्ही रचिलेल्या 'बेसिक'च्या प्रती तुम्ही पैसे न देता एकमेकांस वाटता, ही चोरी आहे. श्रमाचा मोबदला मिळणार नसेल तर चांगले काम करावे कोणी, असा त्या पत्राचा मथितार्थ होता. प्रश्न रोकठोक होता, आणि तो गैरवाजवी होता असे आम्ही म्हणणार नाही. परंतु त्याला दुसरे एक उत्तर त्याच सुमारास विद्यापीठांच्या तळघरांतून आकार घेत होते.

त्या उत्तराचा पाया एका भारतीय तरुणाने घातला, हे आपल्याकडे फारसे कोणास ठाऊक नसते. अभय भूषण हे कानपूरच्या आय.आय.टी.च्या पहिल्या तुकडीचे पदवीधर. अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेत असता त्यांनी एप्रिल १९७१ मध्ये एका यंत्रावरील फाईल दुसऱ्या दूरच्या यंत्रावर कशी न्यावी याचे नियम प्रथम लिहून काढले. या नियमांस 'फाईल ट्रान्सफर प्रोटोकॉल', संक्षेपाने एफ.टी.पी., असे नाव पडले. नियम साधे होते: दूरच्या यंत्राच्या दारी जावे, नाव व परवलीचा शब्द सांगावा, आतील फायलींची यादी पाहावी, आणि हवी ती मागून घ्यावी.

पण ज्याचे त्या यंत्रावर खातेच नाही त्याने काय करावे? यासाठी एक मोठी गोड चाल पडली. आगंतुकाने आपले नाव 'अनॉनिमस', म्हणजे अनामिक, असे सांगावे. परवलीचा शब्द म्हणून 'गेस्ट', म्हणजे पाहुणा, एवढे म्हणावे. की दार उघडे. पुढे पुढे परवलीच्या जागी आपला ई-मेलचा पत्ता लिहिणे शिष्टाचाराचे मानू लागले. परंतु तो खरा की खोटा हे सहसा कोणी तपासीत नसे. आत गेल्यावर 'पब' नावाचा एक कप्पा असे. सार्वजनिक या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचे ते लघुरूप. पाहुण्याने ओसरीवर बसावे, माजघरात शिरू नये, आणि ओसरीवर मांडलेले हवे तितके न्यावे, अशी ही व्यवस्था होती. जगाच्या व्यवहारात अनामिकास सहसा दाराबाहेर ठेवतात. येथे अनामिक हाच प्रवेशाचा मंत्र ठरला.

या ओसऱ्या कोठे कोठे होत्या हे पाहिले म्हणजे मौज वाटते. लहान संगणकांवरील फुकट सॉफ्टवेअरचे एक फार मोठे कोठार, सिमटेल, अमेरिकेच्या न्यू मेक्सिको प्रांतात व्हाइट सँड्स येथे, सैन्याच्या क्षेपणास्त्र-चाचणीच्या तळावरील यंत्रावर होते! दुसरे सेंट लुई येथील वॉशिंग्टन विद्यापीठात, तिसरे लंडनच्या इंपीरियल कॉलेजात, चौथे फिनलंडच्या विद्यापीठांच्या जाळ्यावर. कोणती वस्तू कोणत्या कोठारात आहे हे सांगणारे आरंभी कोणीच नव्हते. ती उणीव १९९० साली माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातील ॲलन एमटेज या बार्बाडोसच्या तरुणाने 'आर्ची' रचून भरून काढली. आर्ची ठिकठिकाणच्या कोठारांच्या याद्या वरचेवर गोळा करी आणि विचारणाऱ्यास पत्ता देई. आजच्या शोधयंत्रांची ती आजीच म्हणावयाची.

पत्ता मिळाला तरी वस्तू हाती येणे सोपे नव्हते. टेलिफोनच्या तारेवरून सेकंदास २४०० बिट या गतीने सुमारे २४० अक्षरे येत, म्हणजे १.४४ मेगाबाइटची एक फ्लॉपी भरण्यास दीड तासाहून अधिक वेळ लागे. १९९३ साली निघालेल्या स्लॅकवेअर या संचाच्या पहिल्या आवृत्तीस अशा २४ फ्लॉप्या लागत. त्या गतीने सर्व संच उतरविण्यास चाळीस तास पुरेसे होत नसत. मध्येच फोन तुटला तर बहुधा पुनश्च हरि ओम्. फाईल मागण्यापूर्वी 'बायनरी' ही आज्ञा देण्यास विसरल्यास तासाभराने हाती आलेली फाईल निरुपयोगी निघे. ज्यांच्यापाशी केवळ ई-मेलची सोय होती त्यांच्यासाठी तर आणखी एक आडवाट होती. एका ठराविक पत्त्यावर मागणीचे पत्र धाडावे, मग सबंध फाईल साध्या अक्षरांत रूपांतरित होऊन, तिचे तुकडे पडून, एकामागून एक पत्रांतून येई. ते तुकडे क्रमाने जोडून मूळ वस्तू सिद्ध करावी लागे. शक्य तो जवळच्या कोठारातून घ्यावे आणि यजमानाच्या कामाच्या वेळी गर्दी करू नये, असा संकेत सुज्ञ पाहुणे पाळीत.

येथवर जे सांगितले ती केवळ चाल होती, आणि चालीत एक मोठा दोष असतो: ती मोडणारास कोणी अडवू शकत नाही. एम.आय.टी.तील रिचर्ड स्टॉलमन यांस याचा प्रत्यय आला. 'ईमॅक्स' हा त्यांचा मजकूर-संपादक. जेम्स गॉसलिंग यांनी त्याच जातीचा दुसरा संपादक रचून प्रथम सढळ हाताने वाटला, आणि पुढे एका कंपनीस विकला. स्टॉलमन यांनी आपल्या नव्या ईमॅक्समध्ये त्यातील काही भाग घेतला होता. कंपनीने हरकत घेताच तो काढून त्यांस पुन्हा लिहावा लागला. काल ज्याची प्रत मोकळेपणाने मिळत होती, तीच वस्तू आज कोणाची खासगी मालमत्ता होऊ शकते, हा धडा त्यातून मिळाला. २७ सप्टेंबर १९८३ रोजी त्यांनी 'ग्नू' या संपूर्णतः मुक्त संगणक-व्यवस्थेचा संकल्प जाहीर केला आणि जानेवारी १९८४ मध्ये नोकरी सोडली. १९८९ साली त्यांच्या प्रतिष्ठानाने जो परवाना प्रसिद्ध केला त्यातील युक्ती विलक्षण आहे. प्रती काढण्यास मनाई करण्याकरिता निर्माण झालेला स्वामित्वहक्काचा कायदाच त्यांनी उलटा फिरविला: ही वस्तू कोणीही घ्यावी, बदलावी, वाटावी, मात्र जो वाटील त्याने मूळ संहितेसह, याच मोकळिकीनिशी वाटावी. अर्थात, पाहुण्याने नेलेली शिदोरी पुढच्या पाहुण्यापुढे मांडली पाहिजे.

आता गंमत अशी की, हेच स्टॉलमन ईमॅक्सची चुंबकीय फीत १५० डॉलरांस विकत! ज्यास जाळ्यावरून घेणे शक्य असेल त्याने ते पैसे न देता घ्यावे; ज्यास शक्य नसेल त्याने फितीचे पैसे द्यावेत. घेणाऱ्याची मोकळीक दोहोंकडे सारखीच. बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाने जून १९८९ मध्ये आपल्या युनिक्समधील संपर्कविषयक भाग असाच खुला केला. फितीस १००० डॉलर पडत, तरी विकत घेणारास ती इतरांस वाटण्याची पूर्ण मुभा होती. लवकरच ती मोठमोठ्या ओसऱ्यांवर अनामिकांसाठी मांडली गेली. तथापि कित्येक शेकडा संस्थांनी पैसे मोजून फीत घेतलीच. गेट्स यांच्या प्रश्नाचे हे सबंध उत्तर नव्हे. पण मोकळीक दिली म्हणजे मोबदला बुडतोच, हा समज यावरून निराधार ठरतो.

याच्या नेमका उलट अनुभव हेलसिंकीच्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्यास आला. सप्टेंबर १९९१ मध्ये त्याने आपल्या नव्या रचनेच्या सुमारे दहा हजार ओळी फिनलंडच्या त्या कोठारात ठेवल्या. त्याला 'फ्रीक्स' हे नाव हवे होते. कोठार सांभाळणाऱ्या आरी लेम्के यांनी कप्प्यास 'लिनक्स' नाव दिले आणि तेच रूढ झाले. पहिल्या परवान्यात अट होती की याच्या वाटपासाठी कोणी पैसा घेऊ नये, हाताळणीचा खर्चसुद्धा नाही. हेतू उदात्त होता, परिणाम विपरीत. ज्याच्या दारी जाळे आले नाही त्यास कोणी फ्लॉपीची आणि टपालाची किंमत घेऊन प्रत पाठवू म्हणेल, तर तेही निषिद्ध! फुकटपणाचा हट्ट मुक्ततेच्या आड आला. चूक ध्यानी येताच १९९२ साली त्याने ग्नूचा परवाना स्वीकारला, आणि तेथून लिनक्सचा प्रसार झपाट्याने झाला.

या फरकाचे महत्त्व आपल्या देशास विशेष आहे. १९८६ साली सुरू झालेल्या 'अर्नेट' योजनेमुळे पाच आय.आय.टी., बंगलोरची विज्ञानसंस्था, मुंबईचे एन.सी.एस.टी. अशा मोजक्या संस्थांस जाळे लाभले. सामान्य नागरिकांसाठी ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने खुले केले. तेव्हाच्या टेलिफोनवरून चोवीस फ्लॉप्या उतरविणे हे भगीरथाचेच काम. १९९६ साली 'पीसी क्वेस्ट' या आपल्याकडील मासिकाने लिनक्सची तबकडी अंकाबरोबर दिली, तेव्हा ते अनेकांच्या घरी पोहोचले. लिनक्सचा पहिला परवाना टिकता, तर विकत घ्यावयाच्या अंकाबरोबर अशी तबकडी देणे दुरापास्त झाले असते.

आणि आपल्या लिपीचे काय? डोनाल्ड नुथ या प्राध्यापकांनी आपल्या ग्रंथाची छपाई मनास येईना म्हणून १९७७ पासून 'टेक्' ही अक्षरजुळणीची व्यवस्था रचली व ती सर्वांस मोकळी दिली. त्या पायावर १९९१ साली नेदरलंड्समधील ग्रोनिंगेन विद्यापीठाच्या फ्रान्स वेल्थुइस यांनी देवनागरी अक्षरे घडविली. त्याच सुमारास अविनाश चोपडे यांनी रोमन लिपीत टंकलेल्या मजकुराची देवनागरी करणारे 'आयट्रान्स' सिद्ध केले. दोन्ही वस्तू जाळ्यावरून कोणासही मिळत. पुढे वेल्थुइस यांच्या संचात इतरांनी भर घातली आणि त्यात मुंबई वळणाची अक्षरेही आली. एका डच गृहस्थाने घडविलेल्या अक्षरांस आपले वळण देता आले, याचे कारण ती नुसती फुकट नव्हती; ती उघडी होती.

हे सर्व आतिथ्य कोणाच्या खर्चाने चालले, हे मात्र विसरू नये. यंत्रे विद्यापीठांची, तारा बहुतांशी सरकारी पैशाच्या. अमेरिकेतील जाळ्याचा मुख्य कणा तेथील विज्ञान-प्रतिष्ठानाच्या द्रव्यावर चाले. तो १९९५ साली बंद होऊन व्यापारी कंपन्यांच्या हाती कारभार गेला. विश्वासासही तडे गेलेच. एप्रिल १९९४ मध्ये असे उघडकीस आले की, सेंट लुईच्या कोठाराने रचिलेल्या, ओसरी चालविण्याच्याच सॉफ्टवेअरच्या प्रतींत कोणी चोरदरवाजा घुसविला होता. उतरविलेली वस्तू अस्सल आहे की नाही, हे मुद्रा तपासून पाहण्याची सवय पुढे हळूहळू लागली.

सिमटेलची सैनिकी ओसरी १९९३ साली बंद झाली होती. लिनक्सच्या मुख्य कोठाराने २०१७ च्या मार्चमध्ये अनामिकांचे एफ.टी.पी. दार लावून घेतले, त्याच वर्षी नोव्हेंबरात डेबियन मंडळींनी लावले; आणि २०२१ साली क्रोम व फायरफॉक्स या दोन्ही न्याहाळकांनी एफ.टी.पी.ची ओळखच टाकून दिली. अभय भूषण यांनी आखलेली वाट त्यावर पन्नास वर्षे चालून झाल्यावर जवळजवळ ओस पडली. पण त्या वाटेने आलेल्या वस्तू आजही मुक्त आहेत; फोनवर बोट टेकणाऱ्या मुलांपैकी पुष्कळांच्या हातातील यंत्रात तेच लिनक्स काम करीत आहे. चाल मोडली, करार टिकला. औदार्य लेखी करून ठेवण्यात औदार्याचा अपमान नाही, हेच आमच्या प्रश्नाचे उत्तर. आपल्याकडे मराठीचे शब्दकोश, अक्षरमुद्रा, जुन्या ग्रंथांच्या प्रती सार्वजनिक पैशाने तयार होतात आणि पुष्कळदा 'फुकट' म्हणून जाहीरही होतात. त्या घेणाऱ्यास सुधारता येतील काय, पुढे देता येतील काय, आणि तसे कोठे लिहून ठेविले आहे काय, एवढे तीन प्रश्न वाचकांनी दर वेळी विचारावेत.