रक्तस्रावी पक्षाघात आणि रक्तपुरवठ्याअभावी होणारी मेंदूची इजा : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
इचलकरंजी परिसरात एखाद्याचा हात-पाय अचानक लुळा पडला की 'अंगावरून वारं गेलं' असे म्हणतात. आयुर्वेदानेही पक्षाघाताची गणना वातविकारांत केली आहे. लोकभाषेने ज्याला एकच नाव दिले, त्या आजाराची आधुनिक वैद्यकाने दोन रूपे मानली : रक्तवाहिनी फुटून होणारा रक्तस्रावी पक्षाघात आणि रक्तवाहिनी तुंबून होणारा पक्षाघात. अलीकडील संशोधनाने मात्र ही सीमारेषा पुन्हा पुसट केली आहे. या विचाराच्या वाटचालीचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

एका आजाराचे दोन आजार :
स्वित्झर्लंडमधील वैद्य योहान याकोब वेफर यांनी १६५८ साली शवविच्छेदनाच्या आधारे पक्षाघाताचा संबंध मेंदूतील रक्तस्रावाशी जोडला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जर्मनीतील रुडॉल्फ विर्चो यांनी रक्ताच्या गुठळीने वाहिनी कशी बंद होते, हे स्पष्ट केले. तरीही जिवंत रुग्णात नेमके काय घडले आहे, हे खात्रीने सांगणे कठीणच होते. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमध्ये पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे सी.टी. स्कॅन झाले आणि सांडलेले रक्त पडद्यावर पांढरे दिसू लागले. मुंबईत डॉ. प्रफुल्ल दलाल यांच्या नेतृत्वाखाली २००५-०६ मध्ये झालेल्या पक्षाघात नोंदणीत सुमारे ८० टक्के रुग्ण वाहिनी तुंबलेले, तर सुमारे १८ टक्के रक्तस्रावाचे आढळले.

रक्तदाब आणि मुंबईचे योगदान :
दोन्ही रूपांचे एक प्रमुख कारण उच्च रक्तदाब होय. एकेकाळी त्यावर प्रभावी औषध नव्हते. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट १९४५ साली अतिउच्च रक्तदाबानंतर मेंदूतील रक्तस्रावानेच मृत्यू पावले. अशा काळात मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधा या भारतीय वनस्पतीचा ५० रुग्णांवरील अभ्यास १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये प्रसिद्ध केला. १९५२ साली सर्पगंधेतून रिसर्पिन वेगळे करण्यात आले आणि १९५७ साली डॉ. वकील यांना लास्कर पुरस्कार मिळाला. रक्तदाब औषधाने उतरविता येतो, हा विश्वास त्यामुळे दृढ झाला.

नवा पेच :
रक्तस्राव झालेल्या रुग्णाचा रक्तदाब किती व किती वेगाने उतरवावा, हा पुढचा प्रश्न होता. एम.आर.आय.च्या 'डिफ्युजन' पद्धतीमुळे अशा रुग्णांच्या मेंदूत, गुठळीपासून दूर, रक्तपुरवठ्याअभावी झालेल्या बारीक इजा दिसू लागल्या. विविध अभ्यासांत सुमारे एक-चतुर्थांश ते एक-तृतीयांश रुग्णांत त्या आढळल्या. अनेकदा त्यांची वेगळी लक्षणे नसतात. मात्र पुढील अपंगत्वाशी त्यांचा संबंध दिसून आला आहे. दीर्घकालीन उच्च रक्तदाबाने जाड व अरुंद झालेल्या सूक्ष्म वाहिन्या हे त्यामागचे एक कारण मानले जाते. अशा मेंदूला चढ्या दाबाची सवय झालेली असते. दाब एकदम उतरल्यास काही भागांस रक्त अपुरे पडू शकते. या इजांतील उपचारांचा वाटा किती, याविषयी मतभेद आहेत. २०१६ च्या 'अटॅच-२' चाचणीत दाब अधिक खाली आणल्याने अपेक्षित लाभ झाला नाही, उलट मूत्रपिंडाच्या तक्रारी वाढल्या. २०२३ च्या 'इंटरॅक्ट-३' मध्ये मात्र रक्तदाब, साखर, ताप व रक्त गोठण्यातील दोष यांवर एकत्रित उपचार केल्यास रुग्ण अधिक सुधारतात, असे दिसले. त्यात भारतातील रुग्णांचाही समावेश होता.

समारोप :
वाहिनी फुटणे आणि वाहिनी तुंबणे ही एकाच जीर्ण व्याधीची दोन टोके असू शकतात, हे या इतिहासातून स्पष्ट होते. तथापि दोहोंचे तातडीचे उपचार परस्परविरोधी असल्याने स्कॅनविना औषध देणे धोक्याचे ठरते. रात्रंदिवस यंत्रमाग चालणाऱ्या इचलकरंजीसारख्या शहरात कामगाराच्या दंडाला वेळीच बांधलेली रक्तदाब मोजण्याची पट्टी हाच या दोन्ही आपत्तींवरील सर्वांत स्वस्त उपाय होय. वारे अंगावरून जाण्यापूर्वी कित्येक वर्षे ते रक्तवाहिन्यांत साचत असते.