गाडगेबाबांचा खराटा

अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी १८७६ साली जन्मलेल्या डेबूजी झिंगराजी जानोरकर ऊर्फ गाडगेबाबांनी १९०५ मध्ये घर सोडले. अंगावर चिंध्या, हाती खराटा आणि गाडगे, एवढाच त्यांचा संसार. गावात शिरताच ते रस्ते, गटारे झाडू लागत; रात्री वऱ्हाडी बोलीत कीर्तन करून कर्ज, दारू, पशुबळी व अस्पृश्यता यांवर श्रोत्यांनाच प्रश्न विचारत. कुणालाही ते पाया पडू देत नसत. लोकांच्या देणग्यांतून पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी येथे धर्मशाळा उभ्या राहिल्या. त्यांपैकी पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ मध्ये डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली. १९५६ मध्ये त्यांचे निधन झाले. १९५२ मध्ये स्थापन झालेल्या गाडगे महाराज मिशनने धर्मशाळा, आश्रमशाळा व वसतिगृहांचे काम पुढे चालू ठेवले.