बसऱ्याची भिंत आणि हेळव्याची वही

सीमाभागातील अनेक घरांत एकच आठवण पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. पणजोबा 'बसऱ्याच्या लढाईला' गेले आणि परत आले नाहीत. पलटण कोणती, साल कोणते, हे सांगणारे कोणी उरलेले नसते. युरोपातील कुटुंबे अशा माणसाचा माग चर्चमधील विवाहनोंद, थडगे आणि लष्करी पत्रक या तीन खुणांवरून काढतात. आपल्याकडे देहाला अग्नी दिला जातो, म्हणून थडगे नाही. लग्न मांडवात लागले, म्हणून त्याची सरकारी नोंद सहसा नाही. हाती राहते ती लष्करी नोंद, आणि प्रारंभ तेथूनच करावा लागतो.

येथे पहिली चकवणारी गोष्ट म्हणजे पलटणींचे क्रमांक. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी १०३, १०५, ११०, ११४, ११६ व ११७ या क्रमांकांनी ओळखल्या जात. १९२२ च्या पुनर्रचनेत त्या सर्व पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीत आल्या. १०३ ची पहिली बटालियन झाली, १०५ ची दुसरी आणि ११० ची तिसरी. म्हणजे आजोबांच्या पदकाच्या कडेवर कोरलेला ११० हा आकडा आणि चुलत आजोबांच्या कागदावरील 'तिसरी बटालियन' ही एकाच पलटणीची दोन नावे होत. पदकावरील शिपाई क्रमांक प्रथम टिपून घ्यावा, असे आम्ही आग्रहाने सांगतो. नावे सारखी निघतात. शिवाय पवारचा पोवार आणि जाधवचा जादव करणारे कारकून प्रत्येक कचेरीत होते.

१०३, ११० व ११७ या पलटणी मेसोपोटेमियात कूतच्या वेढ्यात अडकल्या होत्या. डिसेंबर १९१५ मध्ये पडलेला वेढा २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागतीने संपला, आणि कैदेत पडलेल्यांपैकी असंख्य शिपाई वाळवंटातील पायपिटीत व छावण्यांत मेले. बसऱ्याचे स्मारक अशांसाठीच उभारले गेले. पण त्या भिंतीवर हिंदी अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली. साध्या शिपायांची मात्र पलटणीच्या नावापुढे केवळ संख्या. राष्ट्रकुल युद्धस्मारक आयोगाने २०२१ च्या अहवालात हा भेदभाव मान्य केला. शंभर वर्षे लागली!

भिंतीने नाकारलेली ही नावे नोंदवह्यांत मात्र आहेत. सर्वच नोंदी पूर्ण नाहीत. पण जेथे पूर्ण आहेत तेथे बापाचे नाव, गाव, तालुका आणि जिल्हा मिळतो. प्रांत 'मुंबई' असा लिहिलेला दिसतो, कारण १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बेळगाव मुंबईतच होते. हे ध्यानात न घेता कर्नाटकच्या नावाखाली शोधणाऱ्याची निराशा होते.

बापाचे आणि गावाचे नाव मिळाले की पुढची वाट विवाहाची. त्यातही १९५६ ची रेघ आडवी येते. चंदगड तालुका त्या वर्षापर्यंत बेळगाव जिल्ह्यात होता. नंतर तो कोल्हापुरात गेला. खानापूरच्या घरात दिलेली चंदगडची लेक तेव्हा जिल्ह्यातल्या जिल्ह्यात नांदायला आली होती. आज तिचे सासर एका राज्यात आणि माहेर दुसऱ्यात, म्हणून जन्ममृत्यूच्या वह्या दोन राज्यांच्या तहसील कचेऱ्यांत धुंडाळाव्या लागतात. जुन्या वह्या मोडीत असतात, हे वेगळे सांगायला नको. गोव्याकडील सोयरिकीत एक सोय अशी की पोर्तुगीज अमलात नागरी विवाहनोंदणी आली होती.

कचेरीत काही मिळाले नाही, तरी हेळवी विसरू नये. घराण्यांची वंशावळ पिढीजात सांभाळणारा आणि दारी येऊन ती वाचून दाखवणारा हा माणूस बेळगाव-कोल्हापूर पट्ट्यात अजूनही फिरतो. आपण त्याला धान्य आणि दक्षिणा देऊन वाटेला लावतो, आणि पुरुषांची नावे ऐकली की समाधान मानतो. त्याला थांबवून विचारावे की या पिढीत कोणाची मुलगी आणली आणि आपली कोठे दिली. त्र्यंबकेश्वर आणि पंढरपूर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतही हेच विचारावे. शिपायाची विधवा निवृत्तिवेतनाच्या कागदावर ज्या नावाने आली, ते नाव या उत्तरांशी जुळले, तर बसऱ्याच्या भिंतीवरील त्या आकड्यातला एक माणूस आपल्या घरचा ठरतो.