विधिप्रबंध

विधिशिक्षणाच्या अखेरच्या टप्प्यात विद्यार्थ्याने एखाद्या विधिविषयक प्रश्नावर मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली स्वतंत्र संशोधन करून लिहिलेला व परीक्षकांपुढे मांडलेला निबंध. पदवी परीक्षेत विशेष गुणवत्ता दाखविणाऱ्या म्हणजे ऑनर्सच्या विद्यार्थ्यांसाठी तो काही विद्यापीठांत ऐच्छिक, तर काहींत आवश्यक असतो. एलएल.एम. व विद्यावाचस्पती या पदव्यांच्या प्रबंधांहून त्याचा आवाका लहान असला, तरी तिन्हींचे मूळ एकच आहे. ‘थीसिस’ या ग्रीक शब्दाचा अर्थ ‘मांडलेले विधान’ असा होतो. यूरोपीय विद्यापीठांत आजच्या प्रबंधाचा पूर्वज हा लेख नसून तोंडी वाद होता. वादाचे लेखात रूपांतर होण्यास सु. सहा शतके लागली आणि या काळात एक प्रश्न पुनःपुन्हा उपस्थित झाला : प्रबंधातील मत विद्यार्थ्याचे असावे, गुरूचे असावे, की विद्यापीठास मानवेल तेवढेच असावे?

इटलीतील बोलोन्या येथे बाराव्या शतकात रोमन विधीच्या अध्यापनास मोठी प्रतिष्ठा प्राप्त झाली. तेथील उमेदवारास दोन परीक्षा द्याव्या लागत. खासगी परीक्षेच्या दिवशी सकाळी त्यास जस्टिनियनच्या विधिसंग्रहातील दोन उतारे नेमून देण्यात येत. घरी जाऊन त्यांचा अभ्यास करून त्याच दिवशी तो अध्यापकांच्या मंडळापुढे त्यांचे विवरण करी व प्रश्नांना उत्तरे देई. पोप तिसरा होनोरिअस याच्या १२१९ च्या आदेशानुसार परवान्यासाठी बोलोन्याच्या आर्चडीकनची संमती आवश्यक ठरली. त्यानंतरची सार्वजनिक परीक्षा कॅथीड्रलमध्ये होई. उमेदवार एखाद्या विधिप्रश्नावर आपले विधान मांडी, विद्यार्थी त्यावर आक्षेप घेत आणि अखेरीस त्यास ग्रंथ, अंगठी व टोपी ही आचार्यपदाची चिन्हे देण्यात येत. हा समारंभ इतका खर्चिक असे, की खासगी परीक्षा उत्तीर्ण होऊनही अनेकजण परवानाधारक म्हणूनच थांबत. या पद्धतीत विषयाची निवड उमेदवाराच्या हाती नव्हती. नेमलेल्या वचनाचा अर्थ लावणे व विरोधी वचनांशी त्याचा मेळ घालणे, एवढेच त्याच्याकडून अपेक्षित होते. मीमांसकांच्या अधिकरणातील विषय, संशय, पूर्वपक्ष व सिद्धांत ही मांडणी परिचित असणाऱ्या वाचकास ती फारशी परकी वाटणार नाही.

मुद्रणाचा प्रसार झाल्यावर वादापूर्वी विधाने छापून वाटण्याचा प्रघात पडला आणि हळूहळू त्या पत्रकाचा छोटा लॅटिन ग्रंथ बनला. जर्मन विद्यापीठांत सतराव्या-अठराव्या शतकांत असा ग्रंथ पुष्कळदा वादसभेचा अध्यक्ष असलेला प्राध्यापकच लिही. विद्यार्थी त्याचे समर्थन करी व बहुधा छपाईचा खर्च सोशी. त्यामुळे अशा हजारो पुस्तिकांचा कर्ता कोणास म्हणावे, हा ग्रंथपालांपुढील पेच अद्यापि पुरता सुटलेला नाही.

स्वतःचे मत घेऊन आलेल्या उमेदवाराची वाट मात्र सरळ नसे. गोटफ्रीट व्हिल्हेल्म लायप्निट्स (१६४६–१७१६) याने विसाव्या वर्षी लाइपसिक येथे विधीच्या आचार्यपदासाठी प्रयत्न केला. परंतु वयाने ज्येष्ठ असलेल्या उमेदवारांना अग्रक्रम देण्यात आल्याने तो मागे पडला. गाव सोडून तो आल्टडॉर्फ येथे गेला आणि नोव्हेंबर १६६६ मध्ये तेथे त्याने दुर्घट वादांवरील आपला प्रबंध मांडला. दोन्ही पक्षांच्या बाजूने सारखीच कारणे दिसतात तेथे निर्णय टाळणे, चिठ्ठ्या टाकणे किंवा न्यायाधीशाच्या मर्जीवर सोडणे हे उपाय त्याने अमान्य केले. असे वादही विधीच्या तत्त्वांवरूनच सुटले पाहिजेत, असे त्याचे प्रतिपादन होते. १६६७ च्या आरंभी त्यास पदवी मिळाली आणि प्राध्यापकपदही देऊ करण्यात आले. ते त्याने स्वीकारले नाही.

योहान व्होल्फगांग फोन गटे (१७४९–१८३२) याचा अनुभव याहून बोधक आहे. वडिलांच्या इच्छेनुसार विधीचा अभ्यास करणाऱ्या गटेने स्ट्रासबर्ग येथे शासन व धर्मसंस्था यांच्या संबंधावर प्रबंध लिहिला. सार्वजनिक उपासनापद्धती निश्चित करणे हा विधिकर्त्याचा अधिकार व कर्तव्य आहे, असे त्याचे म्हणणे होते. विद्याशाखेच्या प्रमुखाने त्याच्या विद्वत्तेची प्रशंसा केली, परंतु विद्यापीठाचा प्रबंध म्हणून तो छापण्यास नकार दिला. हवा तर खासगी रीतीने प्रसिद्ध करावा, असेही सुचविले. गटेच्या आत्मचरित्रानुसार त्यास स्वतःला याचे फारसे दुःख झाले नाही, वडील मात्र नाराज झाले. हा प्रबंध आज उपलब्ध नाही. त्याऐवजी छप्पन संक्षिप्त विधाने मांडण्याची मुभा त्यास मिळाली आणि ६ ऑगस्ट १७७१ रोजी त्यांचे समर्थन करून तो परवानाधारक झाला. जनमानसात तो ‘डॉक्टर’च राहिला.

या छप्पन विधानांपैकी बरीचशी सर्वमान्य तत्त्वे होती. त्रेपन्नाव्या विधानात देहदंड रद्द करू नये, असे म्हटले आहे. पंचावन्नावे विधान मात्र विधान नसून प्रश्न आहे : नवजात अर्भकाची हत्या करणाऱ्या स्त्रीस देहदंड द्यावा की काय, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत, एवढेच तेथे नमूद आहे. पुढच्याच वर्षी, जानेवारी १७७२ मध्ये, गटे वकिली करीत असलेल्या फ्रँकफुर्टमध्ये याच अपराधासाठी एका तरुण मोलकरणीचा शिरच्छेद झाला. फाउस्ट नाटकातील ग्रेट्‌खेनची कहाणी या घटनेशी निगडित मानली जाते. तथापि १७८३ मध्ये वायमारच्या मंत्रिमंडळापुढे तोच प्रश्न आला, तेव्हा गटेने देहदंड कायम ठेवण्याच्या बाजूने मत दिले. विद्यार्थिदशेत खुला ठेवलेला प्रश्न अधिकारपदावर त्याने ज्या रीतीने मिटविला, त्याची चर्चा अभ्यासकांत आजही चालू आहे.

स्कॉटलंडमध्ये प्रबंधाचा संबंध विद्यापीठाऐवजी वकिलीशी होता. एडिंबरोच्या अधिवक्ता मंडळात प्रवेश मिळविण्यासाठी रोमन विधिसंग्रहातील एका शीर्षकावर लॅटिन प्रबंध छापून त्याचे समर्थन करावे लागे. जेम्स बॉझ्वेल याने १७६६ मध्ये मृत्युपत्राने दिलेल्या घरसामानावर लिहिले, तर वॉल्टर स्कॉट याने १७९२ मध्ये देहदंड झालेल्यांच्या प्रेतांच्या विल्हेवाटीवर. स्कॉटने आपला प्रबंध लॉर्ड ब्रॅक्सफील्ड या कठोर शिक्षांबद्दल ख्यात असलेल्या न्यायाधीशास अर्पण केला, हा योगायोग नोंदण्याजोगा आहे.

एकोणिसाव्या शतकात जर्मनीत संशोधनाची नवी कल्पना रुजली. नेमलेल्या वचनाच्या विवरणाऐवजी मूळ साधनांवरून नवे ज्ञान सिद्ध करणे हे प्रबंधाचे प्रयोजन ठरले, चर्चासत्र हे त्याचे कार्यस्थान झाले आणि लॅटिनची जागा देशी भाषेने घेतली. त्याबरोबर गैरप्रकारही वाढले. काही विद्यापीठे उमेदवाराने प्रत्यक्ष उपस्थित न राहताच पदवी देत. इतिहासकार व विधिज्ञ टेओडोर मोमझेन याने १८७६ मध्ये या ‘खोट्या आचार्यां’वर कडक टीका केली. याच मोमझेनने १८८९ मध्ये बर्लिन येथे माक्स वेबर याच्या वादसभेत एका विधानावर श्रोत्यांतून आक्षेप घेतला. चर्चेनंतरही त्याचे समाधान झाले नाही; परंतु मत पटले नाही म्हणून आपण उमेदवाराच्या आड येणार नाही, असे त्याने जाहीर केले. स्ट्रासबर्गच्या १७७१ मधील नकाराशी ताडून पाहिल्यास मधल्या काळात झालेला बदल लक्षात येतो.

स्त्रियांना हे द्वार उशिरा उघडले. स्वित्झर्लंडच्या एमिली केंपिन-श्पीरी (१८५३–१९०१) यांनी १८८७ मध्ये झुरिक येथे विधीची आचार्य पदवी संपादन केली. परंतु स्त्री असल्यामुळे त्यांना वकिली करू देण्यास त्याच वर्षी तेथील संघीय न्यायालयाने नकार दिला. नाशिक येथे जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी (१८६६–१९५४) यांनी १८९२ मध्ये ऑक्सफर्डची विधीची परीक्षा दिली, पदवी मात्र त्यांना १९२२ मध्ये मिळाली.

आंग्ल परंपरेत विधिशिक्षणाचा भार दीर्घकाळ वकिलांच्या ‘इन्स’वर होता व तेथे अभिरूप वादास महत्त्व होते. अमेरिकेत हार्व्हर्ड येथे क्रिस्टोफर कोलंबस लँग्डेल (१८२६–१९०६) याने १८७० नंतर न्यायनिर्णयांच्या अभ्यासावर आधारलेली पद्धत सुरू केली. १८८७ मध्ये तेथील विद्यार्थ्यांनी हार्व्हर्ड लॉ रिव्ह्यू हे नियतकालिक काढले आणि विद्यार्थ्यांच्या विधिलेखनास छापील व्यासपीठ लाभले. विसाव्या शतकात अमेरिका, ऑस्ट्रेलिया इ. देशांतील विधिमहाविद्यालयांत पदवीपूर्व प्रबंधाची प्रथा स्थिरावली.

अशा प्रबंधासाठी विद्यार्थ्यास प्रथम अर्ज करावा लागतो. आधीच्या वर्षांतील गुण, मार्गदर्शकाची संमती व संशोधनाचा आराखडा या त्याच्या सर्वसाधारण अटी होत. आराखड्यात बहुतेक अर्ज अडखळतात, कारण विद्यार्थी विषय सांगतो, प्रश्न सांगत नाही. ‘भाडेनियंत्रण’ हा विषय झाला. भाडेकरूच्या वारसाचा हक्क कोणत्या तत्त्वावर उभा आहे, हा प्रश्न झाला. मुलाखती घ्यावयाच्या असल्यास नीतिसमितीची परवानगीही घ्यावी लागते. लेखन चालू असता विधीच बदलतो, ही या शाखेची खास अडचण होय. भारतीय दंड संहितेच्या जागी १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता अंमलात आली, तेव्हा हाती असलेल्या अनेक प्रबंधांतील कलमांचे क्रमांक व काही ठिकाणी युक्तिवादही फिरवावे लागणे अपरिहार्य होते. म्हणून प्रबंधातील विधी कोणत्या दिनांकापर्यंतचा आहे, हे प्रारंभी नमूद करण्याचा संकेत आहे. उद्धृत न्यायनिर्णय पुढे रद्दबातल ठरलेला नाही ना, हेही तपासावे लागते. तळटीपांचा काटेकोरपणा नुसता शिष्टाचार नव्हे : जर्मनीचे संरक्षणमंत्री कार्ल-टेओडोर त्सू गुटेनबेर्ख यांच्या बायरॉइट विद्यापीठातील विधिप्रबंधात परक्या मजकुराची बेनामी उचल आढळल्याने २०११ मध्ये त्यांची पदवी काढून घेण्यात आली व त्यांना पद सोडावे लागले.

भारतात मुंबई येथे १८५५ मध्ये शासकीय विधिशाळा स्थापन झाली. वर्ग अर्धवेळ, अध्यापक बहुधा वकिली करणारे आणि सारा भर लेखी परीक्षेवर, अशा व्यवस्थेत पदवीच्या विद्यार्थ्याच्या प्रबंधास स्थान नव्हते. कलकत्ता विद्यापीठात प्रसन्नकुमार टागोर यांच्या देणगीतून १८७० पासून सुरू झालेल्या विधिव्याख्यानांनी ती उणीव अंशतः भरून काढली. परंतु ती प्रस्थापित विद्वानांसाठी होती. महाराष्ट्रातील मोठे विधिसंशोधनही पदवीच्या चौकटीबाहेर, वकिली सांभाळून झाले. विश्वनाथ नारायण मंडलिक (१८३३–८९) यांचे व्यवहारमयूखाचे १८८० मधील भाषांतर आणि पां. वा. काणे (१८८०–१९७२) यांचा पाच खंडांतील धर्मशास्त्राचा इतिहास (१९३०–६२) ही त्याची ठळक उदाहरणे होत. मुंबईच्या शासकीय विधिमहाविद्यालयाचे प्राचार्य असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९३६ मध्ये महाविद्यालयाच्या नियतकालिकात मुंबई इलाख्यातील विधिशिक्षणाच्या सुधारणेविषयी लेख लिहून प्रचलित अभ्यासक्रमाची चिकित्सा केली होती.

बंगलोर येथील राष्ट्रीय विधिविद्यालयात १९८८ मध्ये पाच वर्षांच्या एकात्म अभ्यासक्रमाचा पहिला वर्ग सुरू झाला आणि विद्यार्थ्याने संशोधनपर लेखन करणे हा शिक्षणाचा नेहमीचा भाग बनला. त्याच धर्तीवर महाराष्ट्रात २०१४ च्या अधिनियमान्वये मुंबई, नागपूर व औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे विधिविद्यापीठांची तरतूद झाली. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१२ मध्ये मान्यता दिलेल्या एक वर्षाच्या एलएल.एम. अभ्यासक्रमात प्रबंध समाविष्ट आहे. पदवीस्तरावर मात्र ‘ऑनर्स’ हा शब्द भारतात प्रायः विशेष विषयांच्या जादा प्रश्नपत्रिकांचा निदर्शक असून, प्रबंध लिहिल्यावाचूनही ती पदवी मिळू शकते.