एकाच हायड्रोजनाचे दोन दावेदार

मळीपासून मद्यार्क काढल्यावर उरणारे तांबूस-काळे सांडपाणी, म्हणजे स्पेंट वॉश, हवाबंद टाकीत कुजवून त्यातून बायोगॅस मिळवतात. महाराष्ट्राच्या साखरपट्ट्याला हे नवे नाही. त्या गॅसला सडक्या अंड्यांचा वास का येतो, याचा इतिहास मात्र दूरच्या डेल्फ्टमध्ये सुरू होतो.

नेदरलँड्समधल्या या गावी मार्टिनस बायरिंक यांनी १८९५ साली सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाईड बनवणारा जिवाणू वर्णन केला. त्यांचेच शिष्य सोंगेन यांनी १९०६ मध्ये हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साईड यांपासून मिथेन कसा बनतो, ते मांडले. दोन्ही प्रतिस्पर्धी असे एकाच गावात उजेडात आले. त्यांचे भांडण उलगडायला पुढची सत्तरएक वर्षे लागली.

सल्फेट असेल तिथे मिथेन कमी, हे दिसत होते. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे २.७ ग्रॅम सल्फेट असते आणि त्याच्या तळच्या गाळाच्या वरच्या थरांत मिथेन फारसा बनत नाही. गोड्या पाण्याच्या गाळातून तो बुडबुड्यांनी वर येतो. मग सल्फाईडच्या विषाने मिथेनकारी मरतात, की ते उपाशी राहतात? १९७७ मध्ये विन्फ्री आणि झाईकस यांनी अमेरिकेतल्या मेंडोटा सरोवराच्या गाळात सल्फेट घातले, तेव्हा मिथेन थांबला. हायड्रोजन किंवा अ‍ॅसिटेट जादा पुरवल्यावर तो पुन्हा बनू लागला. विषबाधा झाली असती, तर नुसत्या अन्नाने ती उतरली नसती. १९८२ मध्ये क्रिस्ट्यानसन, श्योनहाईट आणि थाउअर यांनी या उपासमारीला आकडा दिला. हायड्रोजन अत्यल्प असतानाही सल्फेटवाले तो उचलतात. तितक्याच वेगाने उचलायला मिथेनकारींना सुमारे सहापट हायड्रोजन लागतो.

पण टाकीतला बहुतांश मिथेन अ‍ॅसिटेटमधून येतो, आणि तिथे मिथेनकारी बराच काळ तग धरतात. सल्फेट असूनही आपल्या टाक्या चालतात, त्या यामुळे. तरीही हिशेब चुकत नाही: एक किलो सल्फेटचे पूर्ण सल्फाईड झाले, की सुमारे २३० लिटर मिथेन बुडाला. शिवाय सल्फाईड फार साचले, तर विषबाधाही खरीच. तोच वायू इंजिन गंजवतो आणि टाकीत उतरलेल्या कामगाराचा जीव घेऊ शकतो.

हे सल्फेट बरेचसे आपणच घालतो. पांढऱ्या साखरेसाठी उसाच्या रसात गंधकाचा धूर सोडतात; त्यातले काही गंधक मळीत उतरते. आंबवताना सल्फ्युरिक आम्ल वापरले, तर भर पडते. गॅस धुण्याची यंत्रे सल्फाईड काढतात, पण बुडालेला मिथेन परत आणत नाहीत. तो वाचवायचा, तर गंधक टाकीच्या अलीकडे, साखर आणि मद्यार्क बनतानाच कमी करावे लागेल.