ऑन कावारा : सायलेन्स
जपानी संकल्पनकलाकार ऑन कावारा यांच्या कार्याचे सिंहावलोकनी प्रदर्शन. न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात ६ फेब्रुवारी ते ३ मे २०१५ या काळात ते भरले. जेफ्री वाइस यांनी त्याचे संयोजन केले. कावारा स्वतः आखणीत सहभागी होते; मात्र प्रदर्शन उघडण्यापूर्वी, २०१४ मध्ये त्यांचे निधन झाले.

प्रदर्शनाचा गाभा ‘टुडे’ ही चित्रमालिका. ४ जानेवारी १९६६ रोजी तिची सुरुवात झाली आणि पुढे सुमारे ३,००० चित्रे झाली. एकरंगी पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांत त्या दिवसाची तारीख, एवढाच चित्रविषय. कॅनव्हासवर रंगाचे एकावर एक हात द्यायचे, मग साचा न वापरता अक्षरे हाताने रेखायची. मध्यरात्रीपर्यंत चित्र पुरे झाले नाही, तर ते नष्ट करायचे. तारीख मुक्कामाच्या देशाच्या भाषेत लिहायची, पण तिथली लिपी रोमन नसेल तर एस्परांतोत. त्यामुळे मायदेशी काढलेल्या चित्रांवरही जपानी अक्षर नाही. प्रत्येक चित्रासाठी पुठ्ठ्याची पेटी असे आणि पुष्कळदा तिच्या आत त्याच दिवसाचे स्थानिक वर्तमानपत्र चिकटवलेले असे. चित्र मितभाषी, आणि त्याच्या पेटीत त्या दिवसाचा सगळा गलबला! १९६९ च्या चांद्रमोहिमेच्या दिवसांत मात्र त्यांनी नेहमीपेक्षा भव्य अशी तीन चित्रे काढली.

‘आय गॉट अप’ मध्ये १९६८ ते १९७९ दरम्यान रोज दोन पोस्टकार्डे परिचितांना गेली; झोपेतून उठल्याची वेळ त्यांवर रबरी शिक्क्याने उमटवलेली असे. आपण अजून जिवंत आहोत, एवढेच कळवणाऱ्या तारांची मालिका १९७० पासूनची.

सिंहावलोकनातून कलाकाराची घडण उलगडावी, अशी सर्वसाधारण अपेक्षा असते. इथे घडणीचा आलेख नाही. जगलेल्या दिवसांची नोंद आहे. कावारा मुलाखती देत नसत, छायाचित्रही काढू देत नसत. फ्रँक लॉइड राइट यांनी रचलेल्या गुगेनहाइमच्या वास्तूतील सर्पिल उताराने चालताना प्रेक्षकासमोर तारखांमागून तारखा येत, आणि त्यांतली एखादी आपल्या आयुष्यातली निघाली की पाय थबकत. या कलेचे खरे सामर्थ्य त्या थबकण्यात आहे.

तळमजल्यावर आठवड्यातून तीन दिवस ‘वन मिलियन इयर्स’ या, वर्षांची क्रमवार यादी असलेल्या कावारांच्या ग्रंथाचे वाचन चाले. या ग्रंथाचा भूतकाळाचा संच आजवर जगून गेलेल्या सर्वांना अर्पण केला आहे, तर भविष्यकाळाचा शेवटच्या माणसाला. एक स्त्री आणि एक पुरुष शेजारी बसून आळीपाळीने एकेक वर्ष उच्चारत.